कोड बदलला, टीप तशीच राहिली

मोबाइलवर एखादे छायाचित्र टिपले की ते क्षणार्धात ‘सेव्ह’ होते. त्या क्षणार्धात पडद्यामागे बरेच काही घडून जाते. छायाचित्रासाठी साठवणुकीतील मोकळी जागा शोधली जाते, त्या जागेवर कोणाचा ताबा आहे हे नोंदवले जाते, फाइलचे नाव योग्य त्या फोल्डरच्या यादीत घातले जाते आणि मध्येच बॅटरी संपली तरी अर्धवट नोंद राहू नये याची तजवीज केली जाते. हे सारे काम संगणकाच्या ज्या भागाकडे असते त्याला ‘फाइल सिस्टीम’ म्हणतात. अँड्रॉइड फोनांपासून बँकांच्या सर्व्हरपर्यंत असंख्य यंत्रे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजेच ‘कर्नल’वर चालतात. त्या गाभ्यात एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एफ२एफएस अशा अनेक फाइल सिस्टीम नांदतात.

फाइल सिस्टीमच्या मूळ कोडमध्ये यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या जोडीने माणसांसाठी लिहिलेली वाक्येही असतात. प्रोग्रामर त्यांना ‘कॉमेंट’ म्हणतात. मराठीत त्यांना टीप म्हणता येईल. अमुक काम करण्यापूर्वी तमुक कुलूप लावलेले असले पाहिजे, ही नोंद डिस्कवर आधी गेली पाहिजे व ती नंतर, हा आकडा शून्य का धरला आहे, अशा प्रकारची माहिती त्यांत असते. या टिपा खऱ्या राखणे हे काम वरकरणी किरकोळ, कारकुनी स्वरूपाचे वाटते. प्रत्यक्षात मात्र ते कोड लिहिण्याइतकेच जोखमीचे आहे.

कोणीही न तपासणारा मजकूर

प्रोग्रामरने लिहिलेला कोड यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवण्याचे काम ‘कंपायलर’ करतो. आज्ञेत एखादा स्वल्पविराम चुकला तरी तो काम थांबवतो. टिपांकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. कोड वाचताना टिपा वगळायच्या, हाच त्याचा नियम. त्यामुळे टीप पूर्णपणे चुकीची असली तरी प्रोग्राम तयार होतो, चालतो, चाचण्यांतही उत्तीर्ण होतो. कोडमधील चूक कधी ना कधी स्वतःहून ओरडते; टिपेतील चूक गप्प बसून राहते.

सातबाऱ्याच्या उताऱ्याचे उदाहरण येथे चपखल ठरेल. जमीन विकली गेली, वाटण्या झाल्या, मूळ खातेदार निवर्तला, तरी फेरफाराची नोंद झाली नाही तर उताऱ्यावर जुनेच नाव राहते. जमीन कसणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते उताऱ्यावर विश्वास ठेवून व्यवहार करू पाहणाऱ्या नव्या माणसाचे. कोडमधील जुन्या टिपेचेही तसेच आहे. ज्याने बदल केला त्याला तो ठाऊक असतो. फसतो तो पाच वर्षांनी तेथे येणारा अनोळखी प्रोग्रामर.

फाइल सिस्टीमच्या बाबतीत हा धोका दोन कारणांनी वाढतो. पहिले कारण आयुर्मानाचे. लिनक्सची एक्स्ट२ ही फाइल सिस्टीम १९९३ साली आली, २००१ साली एक्स्ट३ कर्नलमध्ये दाखल झाली आणि २००८ च्या अखेरीस एक्स्ट४ स्थिरावली. नाव बदलत गेले तरी डिस्कवरील मांडणीचा वारसा पुढे चालत राहिला. २०१५ साली एक्स्ट३ चा स्वतंत्र कोड कर्नलमधून काढण्यात आला आणि जुन्या एक्स्ट३ डिस्क हाताळण्याचे काम एक्स्ट४ च्या कोडवर सोपवले गेले. इतक्या दीर्घ प्रवासात कोडला शेकडो हात लागतात. त्यांतील बहुतेकांची मूळ लेखकाशी भेटही झालेली नसते. त्यांना बोलते ती केवळ टीप.

दुसरे कारण परिणामांचे आहे. इतर प्रोग्राम चुकला तर तो बंद करून पुन्हा सुरू करता येतो. फाइल सिस्टीमची चूक डिस्कवर उमटते आणि यंत्र बंद करून सुरू केले तरी तिथेच राहते. कदाचित ती काही महिन्यांनी, एखादी जुनी फाइल उघडताना लक्षात येते आणि तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत गेलेली असते.

कुलुपाचे नाव आणि कुलुपाचा स्वभाव

जुन्या टिपेमुळे नेमके काय बिघडते, हे लिनक्समधील एका प्रत्यक्ष उदाहरणावरून समजून घेता येईल. त्यासाठी ‘आयनोड’ ही संकल्पना माहीत हवी. प्रत्येक फाइलची मूलभूत माहिती, म्हणजे तिचा आकार, मालक, तारखा व डिस्कवरील ठिकाण, एका नोंदीत ठेवलेली असते; ती नोंद म्हणजे आयनोड. एकाच वेळी अनेक प्रोग्राम एकाच फाइलवर वा फोल्डरवर काम करू लागले तर गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक आयनोडला एक ‘लॉक’ म्हणजे कुलूप असते. ज्याच्याकडे कुलूप, त्याचे काम आधी. बाकीच्यांनी रांगेत थांबायचे.

लिनक्समध्ये या कुलुपाचे नाव पूर्वी ‘आय-सेम’ असे होते. २००६ साली कुलुपाची रचना बदलली आणि ते ‘आय-म्युटेक्स’ झाले. हा बदल तुलनेने सोपा होता, कारण एका वेळी एकालाच प्रवेश हे तत्त्व कायम होते. एखाद्या टिपेत जुने नाव राहिले असते तरी अर्थ फारसा बिघडला नसता.

२०१६ च्या मध्यास लिनक्सची ४.७ ही आवृत्ती आली आणि ‘आय-म्युटेक्स’च्या जागी ‘आय-आरडब्ल्यूसेम’ आले. या वेळी नावाबरोबर कुलुपाचा स्वभावही बदलला. नवे कुलूप दोन प्रकारे घेता येते. फक्त वाचायचे असेल तर अनेकांना ते एकत्र, सामाईकपणे घेता येते. बदल करायचा असेल तर मात्र ते एकट्याने घ्यावे लागते. एकाच मोठ्या फोल्डरमध्ये अनेक प्रोग्राम एकाच वेळी नावे शोधत असतील तर त्यांनी एकमेकांसाठी खोळंबू नये, हा त्यामागचा हेतू होता.

आता जुन्या टिपेकडे पाहावे. ‘येथे येण्यापूर्वी फोल्डरचे आय-म्युटेक्स घेतलेले असते’ असे तिच्यात लिहिले आहे असे समजू. २०१६ पूर्वी या वाक्याचा अर्थ निःसंदिग्ध होता: आत दुसरे कोणीही नाही. २०१६ नंतर कोणी घाईघाईने त्यातील नाव तेवढे बदलले, तरी वाक्य अर्धसत्यच राहते. कुलूप सामाईकपणे घेतले आहे की एकट्याने? सामाईकपणे घेतले असेल तर त्याच क्षणी आणखी कोणी तरी आत असू शकते. जुन्या वाक्यावर विसंबून नव्या प्रोग्रामरने तेथे एखादी नोंद बदलली, तर दोघांचे हात एकाच वेळी एकाच नोंदीवर पडण्याची शक्यता निर्माण होते. अशी चूक दहा हजार वेळा काम सुरळीत होऊन एखाद्याच वेळी प्रकट होते, त्यामुळे ती शोधणे अत्यंत कठीण असते.

हा बदल करताना लिनक्सच्या विकासकांनी तो नोंदवून ठेवला नव्हता असे नाही. फाइल सिस्टीमविषयीच्या दस्तऐवजांत, कोणता नियम केव्हा बदलला व इतरांनी त्यानुसार काय करावे याची एक स्वतंत्र यादी ठेवलेली आहे. नव्या कुलुपाची आणि शोध घेताना ते सामाईकपणे घेतलेले असू शकते या गोष्टीची नोंद त्या यादीत आहे. परंतु कोट्यवधी ओळींच्या कोडमध्ये ठिकठिकाणी विखुरलेल्या टिपा एका फटक्यात बदलता येत नाहीत. मेमरी व्यवस्थापनाच्या विभागातील टिपांमध्ये ‘आय-म्युटेक्स’चे नाव पुढेही रेंगाळत राहिले. त्या टिपा दुरुस्त करणारा बदल २०२१ साली झाला, म्हणजे कुलूप जाऊन पाच वर्षे उलटल्यावर.

चूक कोणाची: टिपेची की कोडची?

टीप व कोड यांच्यात विसंगती दिसली की टीप जुनी झाली असावी असे गृहीत धरण्याकडे कल असतो. अखेर यंत्र चालवते ते कोड. तेव्हा खरे तेच, असा युक्तिवाद केला जातो. तो नेहमीच बरोबर ठरत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली ‘आयकॉमेंट’ नावाच्या एका साधनाविषयीचा शोधनिबंध सादर केला. टिपांतील इंग्रजी वाक्यांतून नियम ओळखायचे आणि कोड ते पाळतो का हे तपासायचे, अशी त्याची पद्धत होती. लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या सॉफ्टवेअरांच्या टिपांतून त्याने १८३२ नियम काढले. त्यांच्या आधारे टीप व कोड यांच्यातील ६० विसंगती आढळल्या. त्यांपैकी २७ ठिकाणी टीप चुकीची होती, तर ३३ ठिकाणी टीप बरोबर असून कोडच चुकला होता. निबंध सादर होईपर्यंत यांतील १९ विसंगतींना संबंधित विकासकांनी दुजोरा दिला होता.

या आकड्यांचा बोध दुहेरी आहे. टीप हा दुसरा साक्षीदार असतो. दोन साक्षीदारांच्या जबानीत फरक पडला, तर कोणी तरी चुकत आहे एवढे निश्चित कळते. कोण चुकतो आहे, हे चौकशीअंतीच ठरते. म्हणूनच कोडशी जुळावी म्हणून टीप आंधळेपणाने बदलून टाकणे धोक्याचे आहे. तसे केल्यास कोडमधील दोष दाखवून देणारा एकमेव पुरावाच पुसला जातो. टीप दुरुस्त करणाऱ्याला आधी कोड समजून घ्यावा लागतो, तो कधी व का बदलला याचा इतिहास चाळावा लागतो आणि मगच लेखणी चालवावी लागते.

टिपेतील प्रामाणिकपणाही कसा अपुरा पडू शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण युनिक्सच्या इतिहासात आहे. १९७५ सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्याच्या कोडजवळ, वाचणाऱ्याला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची टीप होती. ती उद्धटपणाची समजली गेली आणि गाजली. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की परीक्षेत हा भाग विचारला जाणार नाही, अशा भावनेने ती लिहिली होती. मात्र खरी अडचण अशी होती की तेथे काय चालले आहे हे लिहिणाऱ्यांनाही नीट उमगले नव्हते. ती पद्धत पीडीपी-११ या संगणकाच्या कंपायलरच्या एका विशिष्ट सवयीवर अवलंबून होती. युनिक्स इंटरडेटा कंपनीच्या संगणकावर नेताना तिचे बिंग फुटले. सातव्या आवृत्तीत ती यंत्रणाच नव्याने रचली गेली आणि जुन्या कोडबरोबर ती टीपही गेली. जे वाक्यात नीट मांडता येत नाही ते कोडमध्येही नीट बसलेले नसण्याची शक्यता असते, एवढे त्यावरून दिसते.

शब्द म्हणजे वचन

टिपा आणि दस्तऐवज यांत एका अर्थाने वचन दिलेले असते आणि त्या वचनावर दुसरे कोणी तरी आपली इमारत उभी करते. ‘एफसिंक’ या आज्ञेची कथा या दृष्टीने बोलकी आहे. प्रोग्रामने फाइलमध्ये काही लिहिले की ते लगेच डिस्कवर जात नाही. काही काळ मेमरीत थांबते. ते डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घेण्यासाठी एफसिंक ही आज्ञा आहे. ती यशस्वी झाली म्हणजे माहिती सुरक्षित, असा सर्वांचा समज.

पोस्टग्रेसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसची रचनाही याच समजावर बेतलेली होती. एफसिंक एकदा अयशस्वी झाली तरी पुन्हा देऊन पाहावी. दुसऱ्यांदा यश मिळाले तर काम झाले, असे ती मानत असे. लिनक्समध्ये मात्र डिस्कवर लिहिताना चूक झाल्यावर मेमरीतील ती पाने ‘लिहून झाली’ अशा अवस्थेत जाऊ शकत होती. परिणामी दुसऱ्या वेळी लिहिण्यासारखे काही उरतच नसे आणि आज्ञा यशस्वी झाल्याचे उत्तर येई. माहिती डिस्कवर गेलेलीच नसे. ही बाब २०१८ च्या मार्चमध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांपुढे आली तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून, एफसिंक फसली की पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी डेटाबेसने सरळ थांबावे आणि आपल्या लॉगमधून माहिती पुन्हा उभी करावी, असा बदल केला गेला. येथे कोणी एकाने खोटे लिहिले होते असे नव्हे. आज्ञा फसल्यानंतर काय होते हे पुरेशा स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते आणि वाचणाऱ्याने ती मोकळी जागा आपल्या कल्पनेने भरली होती.

टिपेचेच कोड करावे

यावर उपाय काय? सर्वांत परिणामकारक उपाय असा, की जी टीप यंत्राला तपासता येण्याजोगी आहे तिचे रूपांतर तपासणीतच करून टाकावे. कुलूप घेतलेले असले पाहिजे असे वाक्य लिहिण्याऐवजी, कुलूप खरोखर घेतले आहे का हे पाहणारी एक ओळ कोडमध्ये घालता येते. २००६ साली लिनक्समध्ये दाखल झालेल्या ‘लॉकडेप’ या यंत्रणेच्या आधारे हे करता येते. कुलूप सामाईकपणे घेतले आहे की एकट्याने, हेही तिला विचारता येते. चाचणीसाठी तयार केलेल्या कर्नलमध्ये नियम मोडला गेला की लगेच इशारा मिळतो. नेहमीच्या वापरात मात्र ही तपासणी वेग राखण्यासाठी बंद ठेवतात. त्यामुळे भरपूर चाचण्या घेणे हा या उपायाचाच भाग ठरतो.

डिस्कवरील नोंदींबाबतही हेच सूत्र वापरले जाते. अमुक नोंद इतक्या बाइटची आहे, असे टिपेत लिहिता येते. पण एक्सएफएसच्या कोडमध्ये अशा नोंदींचे आकार कर्नल तयार होतानाच तपासले जातात. कोणी चुकून एखादा रकाना वाढवला तर कर्नल तयारच होत नाही. डिस्कवर आकडा कोणत्या क्रमाने लिहिलेला आहे हेही टिपेत न सांगता त्या आकड्याच्या प्रकारातच गुंफले जाते आणि ‘स्पार्स’ हे साधन त्यातील गल्लत पकडते.

‘सी’ भाषेतील एक जुनी प्रथाही याच वाटेने गेली. अनेक पर्यायांपैकी एक पर्याय संपल्यावर न थांबता पुढच्या पर्यायात शिरायचे असेल, तर हे मुद्दाम केले आहे असे सांगणारी टीप लिहिण्याचा प्रघात होता. लिनक्समध्ये २०२० साली अशा टिपांची जागा सर्वत्र एका ठराविक शब्दाने घेतली. तो शब्द कंपायलरला समजतो. त्यामुळे तो विसरला गेला तर कंपायलर इशारा देऊ शकतो.

याशिवाय विशिष्ट पद्धतीने लिहिलेल्या टिपांतून लिनक्सचे दस्तऐवज आपोआप तयार होतात. फंक्शनला नवा घटक जोडला आणि टिपेत त्याचे वर्णन केले नाही, तर ही साधने सूचना देतात. वर्णन खरे आहे की नाही हे मात्र त्यांना कळत नाही. तेथे माणसाचीच नजर लागते.

काय लिहावे, काय गाळावे

जे यंत्राला तपासता येत नाही तेच टिपेत लिहावे, हा यातून निघणारा दुसरा नियम. ‘येथे एक मिळवला’ असे सांगणारी टीप कोडचीच पुनरावृत्ती करते. कोड बदलला की ती हमखास खोटी पडते. उलट, एक का मिळवला, दुसरा सोपा मार्ग का सोडला, आणि ही नोंद त्या नोंदीच्या आधीच डिस्कवर का गेली पाहिजे, ही कारणे कोडमधून वाचता येत नाहीत. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत उतरवतो. एक्स्ट३ व एक्स्ट४ याच तत्त्वावर आपले ‘जर्नल’ राखतात. क्रम उलटला तर वीज गेल्यावर हिशेब जुळत नाही. हा क्रम पाळण्यामागचे कारण ज्या टिपेत आहे ती टीप दीर्घायुषी असते, कारण कोड बदलला तरी कारण सहसा बदलत नाही.

तिसरा नियम वेळेचा. नियम बदलणारा कोड आणि त्या नियमाची टीप यांत एकाच वेळी बदल व्हायला हवा. नंतर सवडीने करू असे म्हटलेले काम सहसा होत नाही, आणि झाले तरी ते सर्व आवृत्त्यांपर्यंत पोहोचत नाही. लिनक्सच्या जुन्या, स्थिर आवृत्त्यांत केवळ शुद्धलेखनासारख्या किरकोळ दुरुस्त्या घेतल्या जात नाहीत. या धोरणामागे शहाणपण आहे. स्थिर आवृत्तीला जितके कमी हात लागतील तितके बरे. परंतु त्यामुळे मूळ बदलाबरोबर न सुधारलेली टीप त्या आवृत्तीत तशीच राहण्याची शक्यता अधिक.

अलीकडे या प्रश्नाला नवा पदर जोडला गेला आहे. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रोग्रामरांच्या हाताशी आहेत आणि ती कोडबरोबर त्याभोवतीच्या टिपाही वाचतात. अनुभवी माणसाला एखादी टीप शिळी आहे असा वास येतो. साधन ती प्रमाण मानून पुढचा कोड रचू शकते. खोट्या टिपेचे वाचक त्यामुळे वाढले आहेत आणि तिने होणारे नुकसानही वाढू शकते.

टीप दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर नवे वैशिष्ट्य जमा होत नाही, प्रोग्राम वेगवान होत नाही, वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. फोनमधील छायाचित्र पूर्वीसारखेच सेव्ह होते. ते दहा वर्षांनी, मधल्या काळात अनेक अनोळखी हात कोडला लागून गेल्यावरही, तितक्याच बिनघोर उघडावे असे वाटत असेल, तर त्या हातांना वाट दाखवणारी पाटी खरी असली पाहिजे. रस्ता वळवला त्याच दिवशी पाटीही बदलावी, इतकीच ही शिस्त आहे.